सैतान गेल्यावरची खोली

माझ्यातला सैतान एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास निघून गेला.

असं सुरू केलं तर लोक हसतील, मी ताईला म्हणालो. ती म्हणाली, हसू देत. झालं तसं लिही.

बरं.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. वय सेहेचाळीस. बायको सोडून गेली, तिने बरोबरच केलं. तेव्हापासून मोठ्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहतो. तिथेच काम करायचो, तिथेच प्यायचो. एका जुन्या मशीनच्या लाकडी पेटीत मशीनच नव्हतं, बाटली होती.

ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते.

(ताई: माझं कशाला? तुझं लिही.)

तर गुरुवार. आमचे पास्टर अंगाने किरकोळ, बारमाही सर्दी, आवाज मऊ. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येशूच्या नावाने सांगतो, याला सोड." चुकीच्या बसमध्ये चढलेल्या माणसाला उतरायला सांगावं, तसं. ताईला एवढ्याने भागेना. तिने दुसरा हात ठेवला आणि सगळा जोर लावून म्हणाली, "नीघ. आत्ताच्या आत्ता नीघ इथून." मी उठून निघालोच होतो. पास्टरांनी खांदा दाबून बसवलं. "तू नाही रे."

आणि काहीतरी गेलं. याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. अकरा वर्षं बरगड्यांखाली कुणीतरी ठाण मांडून बसलं होतं, ते उठलं आणि गेलं. मी रडलो. ताईने पदराने माझं नाक पुसलं, सेहेचाळिसाव्या वर्षी, पास्टरांसमोर.

*

खोली, त्याच शनिवारपर्यंत:

टेबल नाही. टेबलावरची चार मशीनं नाहीत. बॉबिनचे डबे, सुयांच्या पुड्या, तुटके पट्टे, तेलाची कुपी, रेडिओ, माझा मळका स्टूल, काही नाही. ताईने ते सगळं चर्चमागच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. भिंती धुतल्या. फरशी तीनदा पुसली. हॉस्पिटलात साथीचा पेशंट गेल्यावर खोली करतात, तशी केली. उरली एक खाट आणि भिंतीवर एक क्रूस.

(ताई: दोनदा पुसली. तिसऱ्यांदा नुसतं कोरडं फडकं.)

"आता परत आला तरी लपायला जागा नाही त्याला," ती दारात उभी राहून म्हणाली. चादरींचा गठ्ठा नीट रचून झाला की ती अशीच बघत असणार.

अकरा वर्षं तिने माझ्या ओकाऱ्या काढल्या होत्या. तिने भिंत पाडली असती तरी मी विटा उचलल्या असत्या.

*

मग दिवस.

पहिले चार-पाच चांगले गेले. त्यानंतर हात आपोआप फिरायला लागले. चिमटीत स्क्रू नसायचा, पण बोटं तो आवळत राहायची. फरशा मोजल्या, एकशे बारा. ताई सकाळी जायची आणि मला वाटायचं, दिवस म्हणजे धुऊन वाळत टाकलेली एक मोठी चादर आहे, आणि तिच्यावर एक डागसुद्धा नाही.

सोळाव्या दिवशी दहा वाजता मी चपला घातल्या. खाटेवर बसलो. काढल्या. दोन वाजता परत घातल्या आणि फाटकापर्यंत गेलो. कोपऱ्यावरचं दुकान तिथून दिसतं. परत आलो, कारण ताई जाताना दाराला कुलूप लावत नव्हती. माझ्यावर भरवसा ठेवून तिने दार उघडं ठेवलं होतं, आणि ते तसं उघडं टाकून जाता येईना.

ती आल्या आल्या तिला सांगितलं. तिने हातातलं घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या.

"परत आलाय तो," म्हणाली, आणि हात डोक्यावर. "नीघ."

"ताई, तो आलेला नाहीये."

"मग कोण आलंय?"

"कुणीच नाही. तोच तर त्रास आहे."

तिने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने पास्टरांना फोन केला.

*

पास्टर आले, रुमाल नाकाला लावून. बसायला जागा शोधली, मिळाली नाही, तेव्हा सरळ फरशीवर बसले.

"सामान कुठंय याचं?"

"काढलं सगळं," ताई म्हणाली. तिला अभिमानच होता. "एकूण एक."

पास्टरांनी खोलीभर नजर फिरवली. "प्रभूने ती गोष्ट सांगितली होती ना, माणसातून निघालेल्या अशुद्ध आत्म्याची. मुलांना कशी सांगता तुम्ही?"

ताईचा चेहरा खुलला. ही तिची आवडती. हातवाऱ्यांसकट सांगते. दोन बोटांचे पाय करून आत्मा चालवला, वाळवंटातून नेला. पाणी नाही, सावली नाही, म्हणून जीभ बाहेर काढली. इथे मुलं हसतात. "मग तो म्हणतो, त्यापेक्षा माझं जुनं घर बरं होतं, बघून तरी येऊ. येतो. तर काय बघतो? घर झाडलेलं." तिने झाडून दाखवलं. "पुसलेलं. सगळं कसं लख्ख. आणि..."

इथे ती दोन्ही तळवे पसरते आणि मुलं एका सुरात ओरडतात, रिकामं.

इथे ओरडायला कोणी नव्हतं. तळवे तसेच पसरलेले राहिले. तिने तळव्यांच्या मधून खोली बघितली. खाट बघितली. मला बघितलं.

त्या गोष्टीत आत्मा आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन परततो. ते कोणीच बोललं नाही.

"वीस वर्षं शिकवतेय," ती हळू म्हणाली.

"बावीस," पास्टर म्हणाले आणि नाक शिंकरलं.

"म्हणजे मीच त्याला जागा करून दिली?"

"छे हो. तो गेला तो गेलाच. येशूचा हुकूम आहे तो, तुमच्या फिनेलवर चालत नाही. पण ज्याच्या हुकमाने तो गेला, त्याला आत या म्हणायचं राहूनच गेलं. आपण फरशी पुसत बसलो."

ताई भिंतीला टेकून खाली बसली. बराच वेळ नखाने फरशीची फट कोरत होती. मग मला म्हणाली, "बाटली त्या पेटीतच असायची रे. ती पेटी परत घरात आणू मी?"

"रोज उघडून बघ."

"मी काय पोलीस आहे?"

"ताई आहेस. पोलिसांना मी कधी घाबरलो नाही."

ती हसली नाही. पण शेडची किल्ली कुठे ठेवलीय, ते पास्टरांना विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन तिने लाँड्रीतली ढकलगाडी मागून आणली. टेबल आलं, स्टूल आला, पेटी आली. पेटी तिने स्वतः उघडली, आत हात घालून चारी कोपरे चाचपले आणि बाजूला ठेवली. शेवटी एका शिंपीणबाईंचं हातमशीन आलं. शेडमध्ये दोन आठवडे बसून ते पार गच्च झालं होतं. मी तेल सोडलं, शटल काढलं, अडकलेला दोरा चिमट्याने ओढला. तासाभराने चाक फिरलं. फरशीवर तेलाचे तीन ठिपके पडले. ताईने ते पाहिले आणि फडकं आणायला गेली नाही.

मी सुईत दोरा ओवायला घेतला, तेवढ्यात डोक्यावर हात आला. मी मान आखडली. आता ओरडणार.

ओरडली नाही. "ये, प्रभू," म्हणाली. "आत ये. बसायला जागा कमी आहे, तेलही सांडलंय. पण राहा इथेच. मी कामावर असते, तेव्हा तर नक्कीच राहा."

हात मात्र डोक्यावर तसाच.

"ताई, उजेड अडतोय."

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून आमेन म्हटलेलं नाही मी."