चाळीस माणसांसमोर

"चालवत नाही," एवढंच बोलून संताजी रावांनी बावीस वर्षांची नोकरी पणाला लावली. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, चाळीस माणसांसमोर, त्यांनी प्रेस मशीन चालवण्याचा साहेबाचा हुकूम धुडकावला. आणि साहेब कोण, तर दर रविवारी त्यांच्याच तंजावरी मराठी घरी सांबार-भात ओरपणारा गंधार. नाशिकचा पोरगा, अजून प्रोबेशनवर. भडकला आणि तिथल्या तिथे तक्रार लिहून मोकळा झाला. संताजी सस्पेंड.

खरं कारण होतं प्रेसच्या स्विचवर लटकणारा लाल टॅग. मशीनमध्ये कुणाचा हात असू शकतो, म्हणून ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा, असा नियम. आणि टॅगवर नाव होतं खुद्द गंधारचं. सकाळी लावून गडी साफ विसरला होता. तोंडावर सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सगळ्यांदेखत पोराचा पाणउतारा कसा करायचा, म्हणून संताजी गप्प बसले. याला शहाणपण म्हणावं की खुळेपणा, देव जाणे. युनियनच्या गजेंद्रने परोपरीने विचारलं, तरी त्यांनी नाव सांगितलं नाही.

त्याच दुपारी टॅग गायब झाला. म्हणजे गंधारला कळलं होतं, तरी तो चूप होता. हे मात्र संताजींच्या जिव्हारी लागलं.

चौकशीला बाहेरच्या वकील आल्या, कनका मॅडम. "मशीन का चालवलं नाही?"

"लाल टॅग होता."

"कुणाचा?"

तक्रारदार म्हणून समोर बसलेल्या गंधारकडे संताजींनी पाहिलं. नाव घ्यावं तर पोराची नोकरी जाणार, न घ्यावं तर स्वतःची.

"माझा," गंधार म्हणाला. खिशातून टॅग काढून त्याने टेबलावर ठेवला. "आधी विसरलो. मग घाबरलो."

संताजींना इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. नोकरी वाचली याचं होतंच, पण पोर खोटं निघालं नाही, याचं जास्त. आठवड्याने निकाल लागला. आरोप रद्द, गंधारला लेखी ताकीद.

"काका, तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"चाळीस जणांपुढे कसें सांगूं रे? मग तुझें कोण ऐकील?"

दुसऱ्या दिवशी गंधारने त्याच चाळीस जणांना प्रेसपाशी बोलावलं. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये संताजींची माफी मागितली. मग म्हणाला, "टॅग दिसला, तर मी सांगितलं तरी मशीन चालवायचं नाही. हा माझा हुकूम आहे."

"हा हुकूम मानतों," संताजी म्हणाले, आणि बावीस दिवसांनी पहिल्यांदाच पोटभर हसले.