ऐतखाऊ

आई घेवड्याच्या शिरा काढत बसली होती. लेक दारात चप्पल काढते आहे तोच, मान वर न करता तिने विचारलं,

"जेवलीस का?"

"हो गं. रोज काय तेच!"

"उद्या डॉक्टर ती गाठ काढतील ना, ती तुझ्या लॅबमध्ये ने. मी सही केलीय."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय त्यात? इतके दिवस फुकटचं पोसलंय मी तिला. आता जरा राबव." शेंगेची शीर तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढली. "तूच म्हणालीस ना, रक्तवाहिन्या स्वतःकडे बोलावून घेते म्हणून? ऐतखाऊ मेली."

लेक खळखळून हसली. शेंगा निवडून झाल्या आणि आई तशीच न जेवता आडवी झाली. लेकीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आलीच नाही. गाठ मात्र लॅबमध्ये जिवंत पोचली.

काचेच्या डबीतल्या जेलीच्या मऊ थरात लेकीने गाठीचा तग धरून राहिलेला एकच कण बसवला. थोड्या अंतरावर रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी सोडल्या. त्या कुणा नवजात बाळाच्या नाळेतून काढलेल्या असत. गाठीची भूक कळली की त्या लांबट होत, एकमेकींना धरून जेलीतून वाट काढत निघत. मग रांगेच्या मधोमध पोकळी उघडे आणि नळी तयार होई. तिच्यातून लाल पोषकद्रव वाहू लागला की गाठ जेवली.

डबीवर तिने नाव लिहिलं: ऐतखाऊ.

नळ्या थोपवणारं औषध हाताशी होतं. एकदाच भरपूर घातलं असतं तर काम संपलं असतं. तिला ते नको होतं. नळ्यांना ती गाठीच्या अगदी तोंडाशी येऊ द्यायची आणि मग औषध सोडायची. पोकळ्या मिटत, नळ्या आक्रसत, गाठ आतून काळवंडत जाई. पाहताना तिचा जबडा आवळलेला असे. घरी जाताना तिला चांगली भूक लागे.

"संपव की एकदाचं," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "किती छळशील?"

"तिनं छळलं तेवढं."

"आणि मग?"

ती हातमोजे काढत राहिली.

एका सकाळी ती आली तेव्हा मैत्रीणच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती.

"ये, बघ. तुझं औषध पचवून एक नळी पोचलीच. हट्टी आहेत हं तुझ्या आईच्या पेशी, बोलावून घेतलीच तिला!"

ती पर्स खांद्यावर तशीच घेऊन उभी राहिली. मग औषध पिपेटमध्ये भरून घेतलं आणि खुर्चीत बसली.

गाठ बहुतेक काळी पडली होती. एका कडेला तेवढी जिवंत होती. नाळेच्या पेशींची ती बारीक, वेडीवाकडी नळी सगळी जेली ओलांडून नेमकी त्या कडेला टेकली होती. लाल द्रव संथपणे आत शिरत होता. आईचं जिवंत असं जगात आता तेवढंच होतं.

पिपेटच्या दट्ट्यावर तिचा अंगठा होता.

"घालतेस ना?" मैत्रीण म्हणाली.

ती भिंगावर आणखी वाकली.

"आई," ती म्हणाली, "तू जेवलीस का?"