तीन बाय चारची चौकट

काउंटरवर सहा वस्तू होत्या. मान झटकून खाली पाडायची साधी हेल्मेटं दोन, त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला. हातात धरायची वेल्डिंगची काच एक. आणि आपोआप काळी होणारी नवी हेल्मेटं तीन, आपापल्या खोक्यांवर ठेवलेली. काउंटरच्या पलीकडे एक गृहस्थ उभे होते. वय साठीच्या आसपास. सदऱ्याच्या दोन्ही बाह्यांना ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. येऊन दहा मिनिटं झाली होती आणि त्यांनी अजून एकाही वस्तूला हात लावला नव्हता.

"काका, घालून तर बघा," तातेरावमामा गल्ल्यावरून म्हणाले. "हेल्मेट हाय ते, नवरदेवाचा फेटा न्हाई."

"फेटा एकदाच बांधला," ते म्हणाले. "तवा बी कुणी इचारलं न्हवतं, बसतो का म्हणून."

मामा हसले. ते हसले नाहीत.

ही २००६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी जालन्याला मामांच्या दुकानात बसायला लागले होते. वेल्डिंगचे रॉड, हातमोजे, ग्राइंडरच्या चकत्या असा आमचा माल एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांना जायचा. नवी हेल्मेटं येऊन दोन महिने झाले होते. चौकशा पुष्कळ व्हायच्या, पण एकही विकलं गेलं नव्हतं.

"ताई, हे मिटतं कसं?" त्यांनी मला विचारलं.

मी नव्यांपैकी त्यातल्या त्यात साधं हेल्मेट उचलून काचेच्या वरचे दोन काळे ठिपके दाखवले. "हे सेन्सर. ठिणगी पडली की यांना उजेड कळतो आणि काच काळी होते. ठिणगी थांबली की परत उजळ."

"म्या सांगायचं न्हाई?"

"काय सांगायचं?"

"मिट म्हणून."

"नाही. आपोआप होतं."

"किती जल्दी?"

"एका सेकंदाचे पंचवीस हजार भाग करा. त्यातला एक."

त्यांनी हे मनाशी नीट मोजून पाहिल्यासारखं केलं. "येवढी जल्दी कोणाला जमायची न्हाई," ते म्हणाले. "हिला तर मी आधी सांगायचो."

मामांनी ड्रॉवरमधून टीव्हीचा रिमोट काढला. गिऱ्हाइकाला पटवायची ही त्यांची हुकमी युक्ती. रिमोटचा न दिसणारा प्रकाश सेन्सरला ठिणगीसारखाच लागतो. काकांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मामांनी रिमोट रोखला. पण बटण दाबायच्या आधी हेल्मेटच्या आतून हलका आवाज आला, "डोळे."

"काय म्हणले?" मामांनी विचारलं.

"काही न्हाई. सवय हाय. दाबा."

त्यांचं नाव पुंजाराम. अंबडला बसस्टँडच्या मागे त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. मीही अंबडचीच, रोज त्या रस्त्याने एसटीला जायचे. त्या पत्र्याच्या शेडमधला निळा उजेड मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणजे आई पाहू नको म्हणायची तेवढा. आत दोन माणसं असायची, एवढंच आठवत होतं.

दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. एकतीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं. त्यांच्या डाव्या हातात काच, उजव्या हातात रॉडचा होल्डर. समोर बसून पकडीने लोखंड धरायची ती. तिच्याकडे काच नव्हती. म्हणून प्रत्येक ठिणगीच्या आधी ते 'डोळे' म्हणायचे आणि ती डोळे मिटून मान फिरवायची.

"एकदाच चुकली," ते म्हणाले. "लगीन होऊन महिना झाल्ता. डोळ्यात वाळू भरल्यावानी झालं. दोन दिवस बटाट्याच्या चकत्या ठिवून पडली व्हती. मंग म्हणली, तुमी मोठ्यानं सांगत जा. आन् मी डोळे मिटले का ते बघून मंगच लावत जा." जरा थांबून त्यांनी पुढचं सांगितलं. "श्रावणात गेली. झुंबर."

हे नाव त्यांनी एकदाच घेतलं. त्यानंतर पुन्हा 'हिला' आणि 'ही'.

टेंभुर्णीच्या एका शाळेच्या बारा खिडक्यांच्या चौकटी त्यांच्याकडे होत्या, तीन फूट बाय चार फूट, लोखंडी अँगलच्या. पहिली चौकट त्यांनी एकट्याने केली आणि गवंड्याने ती परत पाठवली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतलं तर दोन्ही बाजूंनी सारखं यायला पाहिजे. त्यांच्या चौकटीत अकरा मिलिमीटरचा फरक होता.

"तीन बाय चार असली की कोनाकोनी बराबर पाच फूट यावं लागतं," ते मला समजावून सांगू लागले. मी ते शाळेत सिद्ध केलं होतं. त्यांनी ते लोखंडावर पाहिलं होतं.

"शिकंजा लावून धरलं तर?" मी विचारलं.

"लावला की. लोखंड तापलं की ओढतं, ताई. शिकंज्याला ते कळत न्हाई, तो आपला आवळून बसतो. सोडला की चौकट वाकडी. हिला हातात कळायचं, कुनीकडं ओढून राह्यलं ते. ही तितकंच उलटं दाबायची."

आता ते स्वतःच्या डाव्या हाताने धरणार होते. त्यासाठी हात मोकळा हवा. साधं हेल्मेट आणून पाहिलं होतं, पण ते खाली पाडायला मान झटकली की हातही हलायचा आणि ठिणगी पडेपर्यंत काळोखात काहीच दिसायचं नाही. लोखंडाच्या एका मिलमध्ये वेल्डरच्या डोक्यावर हे नवं पाहिलं, म्हणून ते जालन्याला आले होते.

"लेक म्हणती, बाबा, बास झालं आता. औरंगाबादला या," ते म्हणाले. "बरं वागवती. जावई बी चांगला हाय. मी म्हणलं, एक चौकट बराबर करून बघतो. जमली तर राह्यतो. न्हाई तर होल्डर खाली ठिवतो आन् येतो."

"मंग घेऊन जा न् बघा करून," मामा म्हणाले. "पण एकदा ठिणगी उडाली की माल परत न्हाई. तेवढं ध्यानात ठेवा."

"मंग कसं बघू?"

मी म्हणाले, मी उद्या सकाळी एसटीच्या आधी त्यांच्याकडे जाते, काचेवरचं प्लॅस्टिक न काढता तिथेच करून बघू. मामांनी आधी माझ्याकडे आणि मग त्या बाह्यांवरच्या भोकांकडे पाहिलं.

"तुझ्या मामीला सांगू नको," ते म्हणाले.

तिसरं, सगळ्यात मोठ्या काचेचं हेल्मेट त्यांच्या मानेला जड होत होतं. ते बाजूला ठेवलं. राहिली दोन. एक दोन सेन्सरचं, हलकं. दुसरं चार सेन्सरचं, जवळपास दुपटीने महाग. ते मला दोन सेन्सरचं दाखवत म्हणाले, "हेच बास हाय. दुसरं बी आणा, पण हेच बास हाय."

सकाळी साडेसातला मी शेडमध्ये पोहोचले तेव्हा अँगलचे चार तुकडे कापून, टोकं घासून तयार होते. नऊला लाइट जायची, म्हणून त्यांनी पहाटेच कापणी उरकली होती. गुडघ्याएवढ्या उंचीच्या लोखंडी घोडीवर चौकट मांडली होती. घोडीच्या अलीकडे त्यांची जागा. पलीकडे, भिंतीपासून दोन फुटांवर, चार विटांवर ठेवलेला लाकडी पाट. पाटावर गोणपाटाची घडी. वर खिळ्याला एक पकड अडकवलेली, तिच्या दोन्ही दांड्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

मला नीट दिसावं म्हणून मी पाटाच्या बाजूला वळले.

"तिकडं नका, ताई," ते म्हणाले. "हितं दारात उभ्या राहा. आन् मी म्हणलं की तोंड फिरवा."

"मी माझ्यासाठी काच आणलीय."

"असू द्या. तरी फिरवा."

पण पहिल्या वेळी मी काचेतून पाहिलं. त्यांनी दोन सेन्सरचं हेल्मेट घातलं, डावा हात चौकटीवरून पलीकडे नेऊन अँगल धरला आणि त्यावर ओणवे झाले. "डोळे," ते म्हणाले. ठिणगी पडली. पहिला कोपरा झाला. चौकट फिरवून त्यांनी दुसरा कोपरा त्याच जागी आणला. "डोळे." तोही झाला. तिसऱ्याला मात्र ते आणखी खाली वाकले, आणि एकदम ओरडून त्यांनी होल्डर मागे खेचला.

"उघडलं! मधीच उघडलं ते!"

"डोळ्याला काही होणार नाही," मी म्हणाले. "काच उजळ असली तरी घातक किरण ती अडवतेच."

"डोळ्याचं कोण इचारतंय? हात हालला ना."

चौथा कोपरा त्यांनी कसाबसा केला. तिथेही काच दोनदा उघडली. आम्ही टेप लावला. फरक सात मिलिमीटर.

त्यांनी हेल्मेट काढून घोडीवर ठेवलं. मग हातमोजे काढले, आधी उजवा, मग डावा, आणि एकावर एक ठेवले. "लेकीचंच बराबर हाय," ते म्हणाले. "बस किती वाजता तुमची?"

"सव्वानऊ. काका, एक मिनिट. तुम्ही नुसता हात धरून दाखवा, ठिणगी नको."

त्यांनी पुन्हा डावा हात पलीकडे नेला. मी खाली वाकून पाहिलं. जिथे ठिणगी पडते ती जागा आणि कपाळावरचे दोन सेन्सर यांच्या बरोबर मध्ये त्यांचं मनगट येत होतं. सूर्यासमोर चंद्र यावा तसं. सेन्सरला वाटायचं ठिणगी विझली, आणि काच उघडायची.

"हेल्मेटची चूक नाही," मी म्हणाले. मला उत्तर सापडल्याचा आनंद झाला होता आणि तो माझ्या आवाजात असणार. "तुम्ही अलीकडून हात लांब करताय म्हणून तो आड येतो. पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहा. मग डावा हात बाजूला राहील. हेच हेल्मेट चालेल, महागाचं घ्यायची गरजच नाही. फक्त हा पाट दीड फूट सरकवला की—"

मी पाटाकडे वाकले होते.

"राहू द्या."

ते मोठ्याने बोलले नव्हते. मी हात मागे घेतला.

"ते दुसरं द्या," ते म्हणाले.

"काका, त्याला चार सेन्सर आहेत, दोन वर, दोन खाली. एक झाकला तरी दुसऱ्याला दिसतं. चालेल ते. पण दुप्पट किंमत आहे. पाट नुसता सरकवला तर..."

"दुसरं द्या, ताई. लाइट जाईल."

मी पिशवीतून दुसरं हेल्मेट काढलं. त्यांनी ग्राइंडरने चारही कोपऱ्यांचे वेल्डिंगचे टाके कापले, टोकं पुन्हा घासली, गुण्या लावून काटकोन पाहिला. हेल्मेटचा पट्टा डोक्याच्या मापाला आवळला. काचेचा काळेपणा किती ठेवायचा त्याचं बटण मी दाखवलं, त्यांनी ते अकरावर ठेवलं. मग ते आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी हात लांब करून, पाटाच्या दिशेने अँगल धरला.

"ह्याला आवाज येतो का, मिटताना?" त्यांनी हेल्मेटच्या आतून विचारलं.

"नाही."

"म्हंजे मिटलं का न्हाई, कसं कळायचं?"

"कळत नाही. मिटलेलं असतं."

मी या वेळी काच पिशवीतच ठेवली आणि त्यांनी सांगितलं होतं तशी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. समोर स्टँडवर परतूरची गाडी लागली होती. मागून जे ऐकू येत होतं ते मी मोजत गेले. एका कोपऱ्याला दोन टाके, एक आतून, एक बाहेरून. मग चौकट फिरवल्याची खरखर. मग पुन्हा दोन. प्रत्येक टाक्याआधी ते थांबत होते, साधारण एक सेकंद. डोळे मिटायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा.

नऊला तीन मिनिटं कमी असताना ते म्हणाले, "या."

टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. पहिली कोनाकोनी पंधराशे चोवीस मिलिमीटर. दुसरी पंधराशे तेवीस. टाके आठ. 'डोळे' आठ वेळा.