दहा मिनिटांचं विमान

तिकीट मीच काढलं. झेरॉक्सच्या दुकानात बसून बसून शिकलोय, लोकांचीही काढून देतो. आईचं मावशीकडे जायचं काढताना मात्र अडकलो.

निघणार नऊ दहाला. पोचणार नऊ वीसला.

दहा मिनिटं? दुसऱ्या साइटवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर बघितलं. चारशे दहा किलोमीटर, उड्डाण एक तास दहा मिनिटं. मग हे काय?

बाबा ट्रक चालवतात. म्हणाले, "रस्त्याने आठ तास लागतात. दहा मिनिटांत तोफेचा गोळा पण जात नाही. विद्वान, नीट बघ."

मग उजेड पडला. मावशीचं गाव सीमेपलीकडे, दुसऱ्या देशात; तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे. आपल्या दहा वीसला उतरलं की तिथे नऊ वीस. दोनदा कागदावर मांडलं तेव्हा पटलं.

मावशीचं ऑपरेशन अकराला. याआधी दोनदा ती आयत्या वेळी स्ट्रेचरवरून उतरून घरी गेलेली. डॉक्टर म्हणाले, आता पळालात तर दुसरा डॉक्टर बघा. मावशी म्हणाली, "ताई समोर दिसली तरच आत जाईन." विमान दिवसातून एकच. नऊ वीसला उतरायचं, पुढे अर्धा तास टॅक्सी. वेळच वेळ. मी खूश.

सकाळी विमानतळावर बॅग द्यायच्या रांगेत मी आईला बजावलं, "उतरलीस की घड्याळ एक तास मागे कर. नाहीतर मावशीचे अकरा चुकतील."

"कशाला चुकतील? ती आपलीच वेळ लावते की."

"म्हणजे?"

"लग्न होऊन गेली तेव्हापासून मनगटावर माहेरची वेळ. मला काही सांगायचं तर त्यातच बघून सांगते."

म्हणजे तिचे अकरा म्हणजे तिथले दहा. का बारा? बोटांवर मोजलं. परत मोजलं. दहाच. आणि बॅग हातात यायलाच पंधरा-वीस मिनिटं जाणार.

"आई, बॅग सोड."

"अरे, तिचा स्वेटर आहे त्यात!"

मी तिथेच बॅग उघडली. टॉवेल, गाऊन, डबे सगळं फरशीवर.

मागचा माणूस म्हणाला, "भाऊ, बिऱ्हाड इथेच मांडताय का?"

स्वेटर आईच्या हातात कोंबला. "उतरलीस की पळ. आता घड्याळाला हात लावू नकोस."

"आत्ताच लाव म्हणालास ना? तुझ्यापेक्षा तुझ्या बापाचे आठ तास बरे. निदान कळतात तरी."

ती गेली. मी बॅग घेऊन दुकानात आलो. मावशीचा फोन बंद. दहा वीस. दहा चाळीस. एका बाईंना दोन प्रती हव्या होत्या, मी बारा काढल्या.

मग आईचा फोटो आला. तिचं मनगट, त्यावर दोन घड्याळं. खाली लिहिलेलं, 'आत गेली. हसत गेली. घड्याळ काढायला लावलं, माझ्याकडे दिलं.'

दोन्ही घड्याळांत अकराला पाच कमी. मान वर केली. दुकानातल्या घड्याळातही तेच. तिथे खरे किती वाजले असतील ते मी मोजायला गेलोच नाही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तिचं परतीचं तिकीट बघतोय. दहाला निघून बारा दहाला पोचणार. जाताना दहा मिनिटं, येताना दोन तास दहा. येताना चढ लागतो का रे?"

मी हो म्हणालो.