बरीरानं पळवलेली कुऱ्हाड

तिसऱ्यांदा पेरलेली बाजरीही वाऱ्यानं वाळूखाली गाडली, तेव्हा उमानं बियाणं साठवायचा पोकळ, वाळका भोपळा नवऱ्यापुढे, रबेपुढे, उपडा करून दाखवला. आत दाणा नव्हता. घरात खायला अजून होतं. पण आता पेरलं नाही तर पुढच्या वर्षी काय, हे तिनं विचारायच्या आतच रबे उठला.

आणि गंमत बघा, वाळवंटाच्या कडेच्या अख्ख्या मराडी मुलखात रबेइतकं स्वच्छ शेत कुणाचं नव्हतं! पेरणीआधी तो तोडलेल्या झाडांच्या जुन्या खुंटांना फुटलेला एकेक धुमारा छाटायचा, धसकटं पेटवायचा. चांगल्या शेतकऱ्याच्या शेतात काडी दिसू नये, असं त्याचा बाप सांगायचा, आजाही सांगायचा. शेजारी त्याच्या आतेबहिणीचं, बरीराचं शेत. ती विधवा, त्यात कंबरदुखीनं बेजार, त्यामुळे तीन वर्षं छाटणी झालीच नव्हती. "अगं, हे शेत आहे की तुझं न विंचरलेलं डोकं?" असं रबे येताजाता विचारायचा. त्यांच्या हौसा जमातीत रीतच होती, आतेमामे भावंडांनी थट्टेत एकमेकांना वाटेल ते बोलावं, हातातली वस्तू पळवावी. रागावला तो हरला.

त्याच बरीराकडे बियाणं मागायचं म्हणजे नाक मुठीत धरूनच जायचं. पण गेला बिचारा.

बरीरानं आधी त्याला दूध-बाजरीचा फुरा पाजला, मग पोटभर टोमणे मारले आणि शेतात नेलं. झुडपांच्या आडोशाला बाजरी गुडघाभर उभी होती. पाल्याखालची माती उकरून तिनं त्याच्या हातावर ठेवली. काळी, ओलसर माती! रबेच्या शेतात तर बोट रुतत नसे.

"आपल्या आजोबांनी रान तोडलं, पण मुळं मेली नाहीत रे," बरीरा म्हणाली. "ती दरवर्षी वर येतात. वारा अडवतात, पाला टाकतात, सावलीला गुरं बसली की शेणही पडतं. आणि दरवर्षी तू कुऱ्हाड घेऊन हजर! माती तू उघडी पाडलीस. वाऱ्याला कशाला शिव्या देतोस?"

तिनं बियाणं दिलं आणि निघताना त्याच्या खांद्यावरची कुऱ्हाड काढून घेतली. "ही आता कापणीनंतरच मिळेल."

रागावण्याची सोय नव्हती. गावानं हसून घेतलं आणि दुसरी कुऱ्हाड कुणी दिली नाही. रबेनं कुरकुरत पेरणी केली. खुंट फुटले, त्याचे हात शिवशिवत राहिले. मग पुन्हा वारा सुटला. सकाळी तो धावतच शेतात गेला, तर उघड्यावरची रोपं गेली होती. पण धुमाऱ्यांमागची ओळीनं उभी होती! रबे तिथंच मटकन बसला आणि लहान मुलासारखा हसत सुटला.

कोठार काठोकाठ भरलं नाही, पण वर्षभराची ददात मिटली. बरीरा कुऱ्हाड घेऊन आली. रबेनं तिच्यासमोरच प्रत्येक खुंटाचे चार सरळ फुटवे राखले आणि बाकीचे चुलीसाठी छाटले. तेवढ्यात वाटेवरून जाणारा एक ओळखीचा थांबून म्हणाला, "रबे, काय रे ही दशा शेताची?"

"न विंचरलेलं डोकं आहे," रबे खुशीत म्हणाला, "बहिणीवर गेलंय."

मंडळी, वाडवडिलांची प्रत्येक सवय शहाणपणाची नसते. माती झाकलेली असते तोवरच ती आपल्याला पोसते. अंगण रोज झाडावं, शेत कधी झाडू नये.