चौथा कप

"परत वाजव बेल," एल्डर फिफिता म्हणाला.

"दोनदा वाजवली."

"मग तिसऱ्यांदा वाजव की! म्हातारी टीव्ही लावून बसली असेल."

एल्डर लेविटने हातमोजा काढला आणि पुन्हा बेल दाबली. आत टीव्हीचा आवाज नव्हता. खरं तर दार उघडायला उशीर होतोय याचं त्याला मघाशी बरंच वाटलं होतं. मिसेस प्रुएट दारात आल्या की पहिलं काय विचारतील ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याला उत्तर नव्हतं.

दोघेही अजून विशीच्या आतले. काळे ओव्हरकोट, गळ्यात टाय, छातीवर काळी नावपट्टी. लेविट युटामधल्या टर्की पक्षी पाळणाऱ्या कुटुंबातला, फिफिता सॉल्ट लेकमधल्या, टोंगा बेटांवरून आलेल्यांच्या वस्तीतला, दारातून तिरका होऊन शिरावा असा धिप्पाड. चर्चने दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला नेब्रास्कातल्या या गावी धाडलं, तेव्हा दोघांची पाळण्यातली नावं घरीच राहिली. आता दोघेही 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. मिसेस प्रुएटना पहिल्याच दिवशी त्याचं हसू आवरेना. "वडीलधारे म्हणे! मिसरूड तरी फुटलंय का रे?"

तेव्हापासून दर गुरुवारी ते येत. पण आत जात नसत. एकट्या बाईच्या घरात, सोबत तिसरा मोठा पुरुष असल्याशिवाय, पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियम. म्हणून सगळा हिवाळा तिघं पोर्चवर बसले. ती ब्लँकेट गुंडाळून, हे दोघे नाक लाल करून. पहिल्यांदा तिने कॉफी आणली, तर यांच्या चर्चला कॉफी चालत नाही. मग ती कोको करायला लागली. धर्माचं बोलणं ती पाच मिनिटं ऐके आणि म्हणे, "बरं, ते झालं. आता घरचं सांगा."

गेल्या गुरुवारी तिने पहिल्यांदाच काही मागितलं. "स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय. माझा हात नाही पोचत. तुमच्यातला हा ताडमाड नुसता उभा राहिला तरी लागेल. या आत, पाच मिनिटांचं काम."

फिफिता उठलासुद्धा. लेविटने त्याची बाही ओढली. "मिसेस प्रुएट, आम्हाला... तिसरा माणूस बरोबर लागतो."

"अरे, ऐंशी उलटली माझी! मी काय खाणार आहे तुम्हाला?" ती खदखदा हसली. मग तिला त्याचे लालबुंद कान दिसले. "बरं बाबा. आण तुझा तिसरा माणूस."

"पुढच्या गुरुवारी नक्की. चर्चमधले ब्रदर हॅस्केट आहेत, त्यांना घेऊन येतो."

हॅस्केटचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'बोला!' म्हणून खेकसायचे. लेविटने आठवडाभर रोज फोन हातात घेतला आणि रोज खिशात ठेवला. उद्या करू. जेवणाच्या वेळी नको. गिऱ्हाइकं असतील. सोमवारी घरी व्हिडिओ कॉलवर बोलताना आईने विचारलंही, "चेहरा का उतरलाय रे तुझा? टोपी घालतोस ना?" एका फोनची भीती वाटते, हे एकोणीस वर्षांच्या मुलाने आईला कसं सांगायचं?

"लेविट," फिफिताचा आवाज बदलला होता. "दूध करपल्याचा वास येतोय."

लेविटने दाराची मूठ फिरवली. दार उघडंच होतं. आत अंधारलेला बोळ, टोकाला स्वयंपाकघर आणि गॅसची निळी ज्योत. ज्योतीच्या खाली, जमिनीवर, लोकरी मोजा घातलेलं एक पाऊल.

आणि त्याचे पाय उंबऱ्यावर थबकले. क्षणभरच. पण थबकले. त्या क्षणात त्याने चक्क मागे वळून पाहिलं, कुणी तिसरं येतंय का म्हणून.

"सरक!" फिफिता त्याला ढकलून आत धावला.

मिसेस प्रुएट शुद्धीवर होत्या. स्टूल आडवं पडलेलं, बल्बचं खोकं टेबलाखाली घरंगळलेलं. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"दूध... आधी ते दूध बंद करा."

लेविटने गॅस बंद केला. फिफिता रुग्णवाहिकेला पत्ता सांगू लागला. लेविटने ओव्हरकोट काढून तिच्या अंगावर घातला आणि शेजारी गुडघे टेकले. तिचा हात धरावा की नाही, हे त्याला कळेना. मग तिनेच त्याचा धरला. बोटं गार पडली होती.

"तुम्ही कशाला चढलात? आम्ही येणारच होतो ना!"

"अरे, तो माणूस पहिल्यांदा माझ्या घरी येणार. आल्या आल्या त्याला अंधारात बसवायचं? बरं दिसतं का ते?" तिने दम घेतला. "बाहेर बसलाय का तो? त्याला म्हणावं, घर एरवी असं नसतं."

येतोय, म्हणून सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"कुणी नाही आलं, मिसेस प्रुएट. मी त्यांना फोनच केला नाही."

"विसरलास?"

"नाही. भ्यालो."

अंधारात तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "बरं झालं. परक्या माणसासमोर अशी पडले असते तर लाज वाटली असती."

रुग्णवाहिकेबरोबर आलेली बाई भराभर काम करणारी होती. "खुबा गेलाय, आजीबाई. हलू नका." नावपट्ट्यांकडे बघत तिने विचारलं, "तुम्ही दोघं कोण यांचे? चर्चचे का?"



"पाहुणे आहेत माझे," स्ट्रेचरवरून मिसेस प्रुएट म्हणाल्या. "आणि ए वडीलधाऱ्या, दार ओढून घे जाताना. किल्ली शेजारी दे."

पोर्चवरच्या तीन खुर्च्यांमधून वाट काढत तिला नेलं. परत कधी येईल, असं फिफिताने विचारलं, तेव्हा त्या बाईने गाडीचं दार लावता लावता नुसते खांदे उडवले.

गाडी वळणाआड गेली. लेविट पुन्हा आत आला. फिफिता सवयीने दारातच थांबला होता.

"ये आत," लेविट म्हणाला. "आता चालतं. घरात बाई नाही."

फिफिता हसला नाही. आत येऊन त्याने स्टूल उभं केलं, आणि स्वतःचा हात पोचत असूनही ते लेविटसाठी धरून ठेवलं. लेविटने खोक्यातून बल्ब काढला. आश्चर्य म्हणजे तो फुटला नव्हता. वर चढून त्याने तो बसवला, आणि फिफिताने बटण दाबलं.

उजेड टेबलावर पडला. तिथे चार कप मांडलेले होते. तीन नेहमीचे, कानाशी टवके उडालेले. चौथा पातळ चिनी मातीचा, सोनेरी काठाचा, बशीसकट. बशीत घडी घातलेला कापडी रुमाल.

लेविट खाली उतरला. खिशातून फोन काढून त्याने नंबर लावला. पलीकडे एकदा वाजलं, दोनदा वाजलं.

"बोला!"

"ब्रदर हॅस्केट," तो म्हणाला. "मी एल्डर लेविट. आज एका घरी एक आजी तुमची वाट बघत होत्या."