दारावर टांगलेली समुद्राची जुडी

मी समुद्रशेवाळाची एक जुनी, वाळकी जुडी आहे. मित्रांनो, मी खाण्याची वस्तू आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारण माझ्याकडे पाहून तसं कुणाला वाटत नाही.

माझा जन्म रत्नागिरीजवळच्या एका खडकावर झाला. भरती-ओहोटीत वाढताना अंगात जीवनसत्त्वं साठत गेली. डोळ्यांसाठी गाजराला जो मान आहे, त्यात थोडा वाटा माझाही आहे. फक्त माझा कुणी हलवा करत नाही.

ट्रकवाल्या बिभीषणनं मला मुकुंदवाडीत आपल्या मामीकडे, बानाबाईकडे आणलं. "मामी, शेळीसाठी हाय. समुद्राचं, लई गुणाचं!" एवढं बोलून तो चालू ट्रकमध्ये चढला. 'खाऊ घाल' हे सांगायचं राहूनच गेलं.

ते दुष्काळाचं साल होतं. चराईच्या माळावर प्लॉट पडले होते. हिरवं म्हणाल तर बिल्डरच्या पाटीवरची झाडं. बानाबाईच्या गाभण शेळीनं, चंद्रीनं, तीही चाटून पाहिली होती. नुसत्या वाळक्या कडब्यावर राहून तिला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं होतं.

बानाबाईनं मला उलटसुलट करून पाहिलं. काळी, वाळकी, उग्र वासाची. "नजरेचंच असंल," म्हणाली आणि मला गोठ्याच्या दारावर बांधलं.

खाली उपाशी चंद्री, वर मी, मधे हातभर अंतर. ऊन रोज माझं सत्त्व खात होतं. येणारेजाणारे मला नमस्कार करत. मित्रांनो, कुणाचा घास व्हायचं सोडून देव होणं फार वाईट.

आज संध्याकाळी चंद्री भिंतीवर धडकून पडली. बानाबाईचे मालक खंडेराव वैतागले. "आंधळी शेळी कशाला पोसायची? उद्या बाजार दाखवतो तिला."

"अवो, गाभण हाय ती! नजर जबर हाय. थांबा, हेच उतरून चुलीत टाकते."

चुलीत! बानाबाईनं मला दारावरून सोडलं आणि चंद्रीवरून ओवाळू लागली. प्रत्येक फेऱ्याला चूल जवळ येत होती. तेवढ्यात चंद्रीला माझा खारट वास आला. तिनं मान वर केली आणि मला धरलं.

"अगं भवाने, नजर खाल्लीस की!" बानाबाई किंचाळली.

"खाऊ दे," खंडेराव म्हणाले. "दुसरं हाय काय तिच्यापुढं? सकाळी तर जायचंच हाय."

आता मी दाढेखाली आहे. उन्हानं माझ्यात किती ठेवलंय, मलाही ठाऊक नाही. मित्रांनो, कुणीतरी खंडेरावांना सांगा हो, उद्याचा बाजार चुकवा. खाल्लेलं अंगी लागायला दिवस लागतात.